सण कोणाचा, सुतक कोणाचे?



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांनी आपल्याला इतिहास सांगितला आहे. मी काही इतिहासाचा पंडित नव्हे. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटातील पुस्तकांवर आणि कारखान्याच्या फाटकावर. तेव्हा माझ्या बोलण्यात पांडित्य थोडे आणि हिशेब फार, असा दोष राहील. तो आपण पोटात घालावा. कोणी किती दिले, कोणी किती घेतले आणि हजेरीपटावर कोणाचे नाव लिहायचे राहून गेले, एवढे तीन प्रश्न मी पगाराच्या वहीला विचारतो, आणि इतिहासालाही तेच विचारतो.

आजचा विषय दूरच्या देशाचा आहे, पण तारीख आपल्या घरची आहे. २६ जानेवारीला सकाळी आपण झेंडावंदनाला जातो, मुले प्रभातफेरी काढतात, शाळेत खाऊ वाटला जातो. त्याच दिवशी ऑस्ट्रेलियातही राष्ट्रीय सुटी असते. तिला तिकडे 'ऑस्ट्रेलिया डे' म्हणतात. दारूकाम होते, नौकांच्या शर्यती होतात, नव्या नागरिकांना शपथ दिली जाते. आणि त्याच दिवशी, त्याच शहरांच्या रस्त्यांवरून हजारो लोकांचे मोर्चे निघतात. ते या दिवसाला 'आक्रमणाचा दिवस' म्हणतात, कोणी 'शोकाचा दिवस' म्हणतात, तर कोणी 'आम्ही टिकून राहिलो त्याचा दिवस' म्हणतात. मोर्चातले पुष्कळजण त्या भूमीचे मूळ रहिवासी असतात. हा सण दुसऱ्या तारखेला न्यावा की नाही, असा तिथला वाद आहे. सिडनी, मेलबर्नकडे आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक झाली आहेत. त्यांतल्या कित्येकांनी नागरिकत्वाची शपथ याच तारखेला घेतली असेल. म्हणजे हा वाद आपल्या उंबरठ्यापर्यंत आलेलाच आहे.

त्या दिवशी काय घडले

इंग्लंडमधील तुरुंग भरून वाहू लागले तेव्हा तेथल्या सरकारने कैद्यांना जगाच्या दुसऱ्या टोकाला पाठवण्याचे ठरवले. आपल्याकडे 'काळे पाणी' म्हणतात त्याच जातीची ही शिक्षा. १३ मे १७८७ रोजी पोर्ट्‌स्मथ बंदरातून अकरा जहाजे निघाली. त्यांवर साडेसातशेच्या आसपास कैदी होते, स्त्रिया होत्या, काही मुलेही होती. यांतले बहुतेक चोरीच्या गुन्ह्यात सापडलेले गरीब लोक. कोणी कापड चोरले होते, कोणी खाण्याचा जिन्नस. ताफ्याचा प्रमुख होता कॅप्टन आर्थर फिलिप.

जानेवारी १७८८ च्या तिसऱ्या आठवड्यात ही जहाजे बॉटनी बे येथे पोचली. जागा वसाहतीला योग्य वाटली नाही, म्हणून फिलिपने थोडे उत्तरेकडे दुसरा किनारा शोधला आणि २६ जानेवारीला तिथे निशाण उभारून, बंदुकांच्या फैरी झाडून, राजाच्या नावाने प्याले रिकामे केले. तोच आजच्या सिडनीचा धक्का. ही जागा ओसाड नव्हती. इओरा लोकांपैकी कॅडिगल कुळाची ती जागा होती. ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर माणूस निदान पन्नास हजार वर्षे राहत आला आहे. देशी लोकांशी सलोख्याने वागावे अशी सूचना फिलिपला राजाकडूनच होती. परंतु जमिनीविषयी कोणताही करार झाला नाही, मोबदला ठरला नाही, विचारणाही झाली नाही. पुढच्याच वर्षी, १७८९ मध्ये, देवीची साथ आली आणि सिडनीच्या आसपासची कुळेच्या कुळे नाहीशी झाली. पेमलवुई नावाच्या योद्ध्याने कित्येक वर्षे वसाहतीशी झुंज दिली. १८०२ साली तो मारला गेला. वसाहत जशी आत सरकत गेली तशा कत्तली होत गेल्या. १८३८ च्या जून महिन्यात मायॉल क्रीक येथे अठ्ठावीस निःशस्त्र आदिवासी, त्यांत बायका आणि मुले, कापून काढण्यात आले. त्याबद्दल सात जणांना फाशी झाली. गोऱ्यांना अशी शिक्षा होणे इतके दुर्मीळ होते, की ते नाव म्हणूनच इतिहासात राहिले.

या प्रकरणात कामगाराच्या दृष्टीने एक कडू गोष्ट आहे. २६ जानेवारीला त्या किनाऱ्यावर जे आणले गेले ते बहुतेक पिळलेले, दरिद्री लोक होते. ते स्वतःच्या इच्छेने आले नव्हते. लंडनच्या गल्लीतला उपाशी माणूस साखळदंडात आणून दुसऱ्या माणसाच्या जमिनीवर उभा केला गेला. गरिबाच्या हातून दुसऱ्या गरिबाचे घर मोडवून घेण्याची ही युक्ती फार जुनी आहे, आणि संप मोडण्यासाठी ती आजही वापरली जाते.

सण कसा झाला

'ही आमची परंपरा आहे, तिला हात लावू नका,' असे सण जागच्या जागी ठेवू इच्छिणारे म्हणतात. परंपरेचा मान मीही ठेवतो. पण तिचे वय मोजून पाहण्यास हरकत नसावी.

वसाहत स्थापन झाल्याची कायदेशीर घोषणा मुळी २६ जानेवारीला झालीच नव्हती. ती ७ फेब्रुवारी १७८८ ला झाली. पहिला सरकारी सोहळा १८१८ साली, तीस वर्षांनी झाला. गव्हर्नर मॅक्वारी याने तीस तोफांची सलामी दिली आणि सरकारी कामगारांना सुटी दिली. वर प्रत्येकी एक पौंड ताजे मांस. पण हा दिवस केवळ न्यू साउथ वेल्स या एका वसाहतीचा होता. दक्षिण ऑस्ट्रेलिया आपला दिवस २८ डिसेंबरला पाळी, पश्चिम ऑस्ट्रेलिया जून महिन्यात. सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलिया हे राष्ट्र झाले ते १ जानेवारी १९०१ रोजी. १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, जखमी सैनिकांसाठी निधी जमवण्याकरिता 'ऑस्ट्रेलिया डे' पाळला गेला, तो तर ३० जुलैला. १९३५ पर्यंत सर्व राज्यांत २६ जानेवारीसाठी एक नाव रूढ झाले. १९४६ साली केंद्र आणि राज्ये यांनी तारखेवर एकमत केले. तरीही प्रत्यक्ष सुटी पुष्कळदा जवळच्या सोमवारी दिली जाई, म्हणजे लोकांना सलग तीन दिवस मिळत. साऱ्या देशात नेमक्या २६ तारखेलाच सुटी मिळू लागली ती १९९४ पासून.

म्हणजे जिला अढळ म्हणतात ती सुटी आजच्या स्वरूपात १९९४ ची आहे. मी स्वतः तिच्यापेक्षा वयाने मोठा आहे.

१९३८ : दोन मिरवणुका

आता दुसऱ्या बाजूच्या परंपरेचे वय पाहू. २६ जानेवारी १९३८ रोजी वसाहतीला दीडशे वर्षे झाली. सिडनीत प्रचंड सोहळा ठरला. फिलिप किनाऱ्यावर उतरतो तो प्रसंग नाटकासारखा करून दाखवायचा होता. त्यासाठी आदिवासी हवे होते. सिडनीतले आदिवासी तयार होईनात, तेव्हा सरकारने दूर पश्चिमेकडच्या वस्त्यांवरून काही पुरुष आणले आणि सोहळा होईपर्यंत त्यांना पोलिसांच्या बराकीत ठेवले. त्यांनी करायचे ते एवढेच, की गोऱ्यांची नाव येताना पाहून घाबरून पळायचे. आणि याच सोहळ्यात आणखी एक गोष्ट केली गेली. कैद्यांना मिरवणुकीतून वगळण्यात आले. ज्यांच्या हातांनी रस्ते, पूल, धक्के बांधले गेले त्यांची राष्ट्राला लाज वाटत होती. पराभूत आदिवासी दाखवायचा आणि साखळीतला मजूर लपवायचा, असा तो इतिहास होता.

त्याच दिवशी, मिरवणूक पुढे गेल्यावर, एलिझाबेथ स्ट्रीटवरच्या ऑस्ट्रेलियन हॉलमध्ये सुमारे शंभर माणसे जमली. सभा फक्त आदिवासींची होती. काळे कपडे घालून ती माणसे आली होती. त्यांनी या दिवसाला 'शोकदिन' असे नाव दिले. त्यांचे पुढारी कोण होते? विल्यम फर्ग्युसन हा मेंढ्यांची लोकर कातरणारा कामगार. लहानपणापासून कातरणीच्या शेडमध्ये राबलेला आणि तिथल्या युनियनचे काम केलेला. जॅक पॅटन हा तरुण, तडफदार वक्ता. आणि मेलबर्नहून आलेले, सत्तरी ओलांडलेले विल्यम कूपर. कूपर हेही आयुष्यभर लोकर कातरण्याची आणि मजुरीची कामे केलेले, युनियनशी संबंध असलेले गृहस्थ. इंग्लंडच्या राजाकडे पाठवण्यासाठी त्यांनी एक अर्ज तयार केला होता, गावोगाव फिरून त्यावर १,८१४ सह्या गोळा केल्या होत्या; संसदेत आमचा एक प्रतिनिधी असावा, ही त्यातली एक मागणी. सरकारने तो अर्ज राजाकडे पाठवलाच नाही. पुढे त्याच १९३८ च्या डिसेंबरात, जर्मनीत ज्यूंवर अत्याचार झाल्याचे कळल्यावर, हे कूपर आपल्या लोकांना घेऊन मेलबर्नच्या जर्मन वकिलातीवर निषेधाचे पत्र द्यायला गेले. स्वतःला नागरिकत्वाचे हक्क नसलेला म्हातारा माणूस परक्याच्या दुःखासाठी चालत गेला, हे आपण लक्षात ठेवावे.

त्या शोकसभेने काय मागितले? पाच दिवसांनी त्यांचे शिष्टमंडळ पंतप्रधान जोसेफ लायन्स यांना भेटले आणि दहा कलमांचा कार्यक्रम त्यांच्यापुढे ठेवला. नागरिकत्वाचे पूर्ण हक्क, शिक्षण, इतरांइतकीच मजुरी, जमीन, आणि आदिवासींच्या आयुष्यावर हुकमत गाजवणारी 'संरक्षक' मंडळे बंद करणे, असा त्यांचा रोख होता. तारीख बदला अशी ती मागणी नव्हती. त्यांनी तारीख मुद्दाम वापरली. सारा देश जिथे पाहत होता तिथेच ते उभे राहिले.

पुढची हकीकत तर आजच्या वादात फार उपयोगी आहे. कूपर यांच्या आग्रहाने १९४० पासून २६ जानेवारीच्या आधीचा रविवार 'आदिवासींचा रविवार' म्हणून पाळला जाऊ लागला. १९५५ साली तो दिवस जुलै महिन्यात नेण्यात आला. शोकाबरोबर आपल्या संस्कृतीचा अभिमानही त्या दिवशी प्रकट व्हावा, असा विचार त्यामागे होता. आज जुलैत तिकडे आठवडाभर तो उत्सव होतो. म्हणजे सण करणारे म्हणतात की तारीख हलत नाही. आणि सुतक पाळणाऱ्यांनी आपली तारीख सत्तर वर्षांपूर्वीच एकदा हलवून दाखवली आहे.

मजुरीचा हिशेब

आता मी माझ्या धंद्याच्या गोष्टीकडे येतो. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर आणि पश्चिम भागांतली गुरांची आणि मेंढ्यांची अफाट कुरणे आदिवासी गुराख्यांच्या श्रमावर उभी राहिली. त्यांना मिळे काय? पीठ, चहा, साखर, थोडे मांस, आणि झालीच तर नाममात्र रोकड. आपल्याकडे वेठबिगार म्हणत तिचीच ही सख्खी बहीण. क्वीन्सलँडमध्ये तर आदिवासींची मजुरी सरकारी अधिकारी आपल्याकडे जमा करून घेत, आणि स्वतःच्या पैशासाठी कामगाराला त्याच्यापुढे हात पसरावा लागे. त्या बुडालेल्या पैशाबद्दल पुढे दावा झाला आणि २०१९ साली राज्य सरकारने १९ कोटी डॉलर देण्याची तडजोड मान्य केली. तोवर मूळ कामगारांपैकी कितीतरी जण वारले होते.

१ मे १९४६ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबरा भागात निदान आठशे आदिवासी कामगारांनी काम टाकले. मैलोन्‌मैल पसरलेल्या कुरणांवर, जिथे टपाल नाही, वर्तमानपत्र नाही आणि बहुतेकांना वाचता येत नाही, तिथे एकाच दिवशी संप घडवायचा कसा? त्यांनी हाताने पंचांगे तयार केली. मुरंब्याच्या डब्यांवरच्या कागदांच्या मागच्या बाजूला दिवसांच्या खुणा काढल्या आणि ते कागद माणसांकरवी कुरणाकुरणावर पोचवले. रोज एक खूण खोडायची. खुणा संपल्या की काम थांबवायचे. डूली बिनबिन आणि क्लॅन्सी मकेना हे आदिवासी पुढारी आणि डॉन मॅक्लाउड हा गोरा साथी यांनी हा संप उभा केला. अटका झाल्या, बेड्या पडल्या, पण संप १९४९ पर्यंत चालला. खलाशांच्या युनियनने संपवाल्या भागातली लोकर जहाजात चढवायला नकार दिला. याच सुमारास, १९४५ ते ४७ या काळात, आपल्या ठाणे जिल्ह्यातील वारली बांधव गोदावरीबाई परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वेठीविरुद्ध आणि मजुरीसाठी उभे राहिले होते. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नसेल. पण मालकाची भाषा दोन्हीकडे एकच होती.

जामच्या कागदावरचे ते पंचांग मला या सबंध इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते. ज्यांना राष्ट्राच्या दिनदर्शिकेत जागा नव्हती, त्यांनी स्वतःची दिनदर्शिका काढली आणि तिच्यात स्वतःचा दिवस ठरवला.

२३ ऑगस्ट १९६६ रोजी उत्तरेकडील वेव्ह हिल या कुरणावरून व्हिन्सेंट लिंगिआरी यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे गुरिंजी लोक चालते झाले. लवादाने समान मजुरी मान्य केली होती, परंतु ती लागू व्हायला १९६८ च्या डिसेंबरापर्यंत थांबा, असे सांगितले होते. संप मजुरीपासून सुरू झाला आणि जमिनीवर आला. १६ ऑगस्ट १९७५ रोजी पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी लिंगिआरींच्या ओंजळीत माती ओतून काही जमीन परत केली. इकडे समान मजुरी लागू होताच कित्येक कुरणमालकांनी आदिवासी कामगारांना काढूनच टाकले, हेही सांगितले पाहिजे. आणि माझ्याच चळवळीचा दोष झाकून ठेवणे बरे नव्हे: गोरेतर परदेशी मजुरांना देशाबाहेर ठेवणारे 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण तिथल्या कामगार संघटनांनी दीर्घकाळ उचलून धरले होते. युनियनचा झेंडा हातात असला म्हणजे मन आपोआप मोठे होते, असे नाही.

१९०१ च्या त्यांच्या राज्यघटनेत १२७ वे कलम असे होते, की लोकसंख्या मोजताना आदिवासींना धरू नये. हजेरीपटावरून नाव वगळण्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? २७ मे १९६७ च्या सार्वमताने नव्वद टक्क्यांहून अधिक मतांनी ते कलम रद्द केले. २६ जानेवारी १९७२ च्या रात्री चार आदिवासी तरुणांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर समुद्रकिनाऱ्यावर लावतात तशी छत्री रोवली आणि तिला आपली 'वकिलात' म्हटले. आपल्याच देशात परके झालेल्यांची ती वकिलात आजही तिथे आहे. १९८८ साली दोनशे वर्षांचा सोहळा झाला तेव्हा सिडनीत चाळीस हजारांवर लोकांचा मोर्चा निघाला, आणि त्यात गोरेही मोठ्या संख्येने होते. ३ जून १९९२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एडी माबो यांच्या खटल्यात ठरवले, की ही भूमी कोणाचीच नव्हती हे तत्त्व कायद्यात टिकत नाही. निकाल ऐकायला माबो नव्हते. पाच महिन्यांपूर्वीच ते वारले होते.

आजचा वाद

दोन्ही बाजू नीट मांडल्याशिवाय निवाडा करू नये, असे आम्ही युनियनवाले निदान दुसऱ्यांना सांगतो. तारीख राहू द्या म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे: १७८८ मध्ये जे घडले त्यातूनच आजचा लोकशाही देश झाला, २६ जानेवारी १९४९ पासून ऑस्ट्रेलियाचे स्वतःचे नागरिकत्व सुरू झाले, तेव्हा या दिवसाला दुसराही अर्थ आहे, जगभरातून आलेले लोक याच दिवशी शपथ घेतात, आणि तारीख हलवून कोणाचे पोट भरणार? जनमताच्या अलीकडच्या चाचण्यांत बहुमत याच बाजूचे दिसते. आदिवासींतही एकमत नाही. वार्लपिरी समाजातील सिनेटर जसिंटा प्राइस तारीख बदलण्याच्या विरोधात आहेत. उलट काही आदिवासी म्हणतात, की सणच नको. तारीख हलवली तर वेदना झाकली जाईल आणि सोहळा निर्वेधपणे चालू राहील.

२०१७ साली मेलबर्नमधील यारा आणि डेअरबिन या नगरपालिकांनी २६ जानेवारीचे सोहळे थांबवले, तर केंद्र सरकारने त्यांचा नागरिकत्वाची शपथ देण्याचा अधिकारच काढून घेतला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये नियम सैल झाला आणि तीन दिवस आधी वा नंतर शपथविधी करण्याची मुभा मिळाली. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात आदिवासींच्या सल्लागार मंडळाला घटनेत स्थान देण्याचा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतांनी फेटाळला गेला. पर्यायी तारखाही सुचवल्या जातात: १ जानेवारी, २७ मे, ३ जून. प्रत्येकीला कारण आहे, आणि प्रत्येकीला आक्षेपही आहे.

'तारीख हलवून पोट भरत नाही' हे वाक्य माझेही आहे, म्हणून एक कबुली देतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्याच्या युनियनचे काम पाहत होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तिथे दरवर्षी स्थापनादिन होई, कामगारांना पेढ्याचा पुडा मिळे. एका वर्षी त्याच दिवशी प्रेसवर एक कामगार मेला. दुसऱ्या वर्षी स्थापनादिन ठरल्याप्रमाणे झाला आणि पुडा त्याच्या घरीही पोचवला गेला. मी भरपाईच्या खटल्याचे कागद घेऊन गेलो तेव्हा पुडा तसाच फळीवर होता.

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तेवढी तारीख बदलायला सांगा."

मी म्हणालो, "वहिनी, तारखेचं काय घेऊन बसलात? आधी भरपाई तर मिळू दे."

त्या म्हणाल्या, "भरपाई मागायचीच आहे. पण पुडा घरात आला की पोरं विचारतात, आज कसला सण आहे?"

मी ती मागणी निवेदनात शेवटी, सातव्या क्रमांकावर घातली. मालकाने तीच सर्वांत आधी मान्य केली, कारण तिला एक पैसा लागत नव्हता. भरपाई मिळायला आणखी चार वर्षे लागली. तेव्हा मला वाटले, माझेच बरोबर होते. पण पुढच्या वर्षी त्या तारखेला प्रेसखात्यातल्या माणसांनी आपण होऊन मशिनवर हार घातला, आणि जे त्या अपघाताविषयी तोंड उघडत नव्हते ते बोलू लागले. खटल्यात साक्ष दिली ती त्यांच्यापैकीच दोघांनी. ज्या मागणीला मी सातवा नंबर दिला होता, तिने पहिल्या मागणीचे काम केले.

तात्पर्य, 'आधी तारीख की आधी भाकरी' हा प्रश्नच मांडणी चुकलेला आहे. नुसती तारीख हलवून जमीन, मजुरी, शाळा आणि तुरुंग यांचे प्रश्न जागच्या जागी ठेवले, तर तो मालकाने फुकटात दिलेला सातवा नंबर ठरेल. परंतु तारखेचे दुःख हे दुःखच नव्हे असे म्हणणारा माणूस भाकरीच्या वाटणीच्या वेळीही यांना पंगतीत धरील, असा भरवसा मला वाटत नाही. ज्यांना कलम १२७ ने मोजले नव्हते, ते आज विचारीत आहेत, की सण करताना तरी आम्हाला मोजणार आहात का? माझ्या मते तारीख हलवावी. पण ती कुठे न्यायची हे ज्यांचे सुतक आहे त्यांच्याशी बसून ठरवावे, आणि त्याच बैठकीत दहा कलमांचा तो १९३८ चा कागद पुन्हा टेबलावर ठेवावा.

आपली २६ जानेवारी

शेवटी आपल्याविषयी एक गोष्ट. आपली राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीच मंजूर झाली होती. पण ती अंमलात आणली दोन महिन्यांनी, २६ जानेवारी १९५० रोजी. का? कारण लाहोर काँग्रेसच्या ठरावानुसार २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती, आणि पुढची कित्येक वर्षे लोकांनी लाठ्या खाऊन तो दिवस पाळला होता. त्या दिवसाची आठवण राहावी म्हणून घटना दोन महिने थांबली. तारखेने काय होते, असे निदान आपण तरी म्हणू नये. तारखेत किती जीव असतो हे आपल्या पूर्वसुरींना पक्के ठाऊक होते.

एकाच वाड्यात एका खोलीत सुतक असताना दुसऱ्या खोलीतले लोक वाजंत्री लावीत नाहीत. लग्न मोडत नाहीत, मुहूर्त पुढे ढकलतात. हे कोणत्या कायद्यात लिहिलेले नाही, शेजारधर्मच तो. अर्थात आपल्या वाड्यातही अशा खोल्या आहेत. धरणात गाव गेलेला आदिवासी, जंगलाच्या हक्कासाठी कचेरीचे उंबरे झिजवणारा कातकरी, हेही झेंड्याखाली उभे असतात. त्यांचे नाव आपल्या हजेरीपटावर नीट लिहिले आहे ना, हे पाहण्याचा दिवसही तोच.

पुढच्या २६ जानेवारीला सकाळी आठ वाजता आपण राष्ट्रगीत म्हणत असू तेव्हा सिडनीत दुपारचा दीड वाजलेला असेल आणि भर उन्हात मोर्चा चाललेला असेल. त्यात लोकर कातरणाऱ्यांची आणि गुराख्यांची नातवंडे-पतवंडे असतील. आपल्या झेंड्याला वंदन करताना क्षणभर त्यांचीही आठवण ठेवावी, एवढी विनंती करतो आणि माझे बोलणे पुरे करतो.